बादलीवरचा गटप्रमुख

शनिवार, ४ मार्च

आज मी काही न बोलल्यामुळे गटप्रमुख झालो.

स्काऊट पथकाच्या पालकांची सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. मी खरं तर लेकीला सोडायला गेलो होतो. ती तिथे संघनायक आहे. सात-आठ मुलामुलींचा एक संघ, असे तीन संघ, आणि तिन्ही मिळून पथक. इतकी वर्षं पथक चालवणारे मोठे सर आता गुडघ्यांपायी थांबताहेत. त्यांच्या जागी गटप्रमुख कोण, असं विचारल्याबरोबर सगळे पालक आपापले बूट निरखू लागले. मी डोळे मिटले. अवघड वेळी मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतो आणि त्यात डोळे मिटतातच. उघडले तेव्हा सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

मोठे सर म्हणाले, "शांत माणूस आहे. विचार करतोय. असाच हवा." टाळ्या पडल्या. टाळ्या फार जोरात होत्या. आपल्या गळ्यातलं दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की माणसाच्या हातांना बळ येतं.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकान लहान, गिऱ्हाईक ठरलेलं. पुढारीपणाचा माझा अनुभव म्हणजे गावच्या शाळेत मास्तर बाहेर गेले की घंटा वाजवायची जबाबदारी माझ्याकडे होती. ती मी चोख पार पाडली, एकदा तर भलत्याच वेळी.

परत येताना लेकीला म्हटलं, "काय चिमणे, आता बाबा तुमचे प्रमुख!"

ती म्हणाली, "हो." आणि घर येईपर्यंत पुढे चालत राहिली. आनंदाने तिला शब्द सुचेनात.

सोमवार, ६ मार्च

मोठ्या सरांकडून भांडाराची किल्ली, शिट्टी आणि सूचना घेतल्या. सूचना एकच होती.

"दर शनिवारी तिघा संघनायकांची सभा असते. पुढच्या आठवड्याचं सगळं तीच ठरवतात. तिथे तुम्हाला एक खुर्ची आहे. बसायचं. विचारलं तरच बोलायचं."

"आणि एरवी?"

"एरवीही साधारण तेच."

मी म्हटलं, मग हे काम माझ्यासाठीच आहे, बडबड माझ्या स्वभावातच नाही. आणि मग मी लहानपणापासून कसा अबोल आहे हे त्यांना सविस्तर सांगितलं. ते अधूनमधून गुडघा चोळत होते.

निघताना त्यांनी काळजीची गोष्ट सांगितली. पथकातली मुलं कमी होत चालली आहेत. एप्रिलमधल्या शिबिराला जिल्ह्याच्या आयुक्तबाई येणार. हे पथक स्वतःच्या पायावर उभं नाही असं त्यांना वाटलं, तर ते बंद करून मुलांना नदीपलीकडच्या पथकात घालणार. लेकीला हे माहीत आहे. घरी ती ह्याबद्दल अवाक्षर बोललेली नाही. पण हल्ली ती घरी कशाबद्दलच बोलत नाही.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून खरं कारण लिहून ठेवतो. बुटांकडे बघणाऱ्यांत मीही बसू शकलो असतो. पण गेल्या वर्षी एकदा तिला आणायला लवकर गेलो होतो, तेव्हा व्यायामशाळेच्या खिडकीतून ती हसताना दिसली. डोकं मागे टाकून, पोट धरून. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून हसायची तशी. मला वाटलं, हे हसू इथे असतं तर आपणही इथे यावं. थोडं आपल्याही वाट्याला येईल.

शनिवार, ११ मार्च

संघनायकांची पहिली सभा. मी फक्त सहा-सात वेळा बोललो.

मुलं टेकडीवर पायी जायचं ठरवत होती. त्यांचा रस्ता लांबचा होता, मी जवळचा सुचवला. दुपारी निघायचं म्हणत होती, मी ऊन समजावून सांगितलं. डबे कोणी काय आणायचे ह्यावर त्यांची मजेत भांडणं चालली होती, ती मी मिटवली. अखेर सगळे माझ्याशी सहमत झाले. म्हणजे नंतर कोणी काही बोललं नाही.

सभेचं अध्यक्षपद ह्या महिन्यात लेकीकडे आहे. मला अभिमान वाटला. म्हटलं, "चिमणे, जरा फळा पूस बघू."

त्यानंतर मैदानावर मुलं पक्ष्यांचे आवाज काढत होती. कुठूनही चिवचिव ऐकू यायची. मोठ्या सरांनी मुलांना निसर्गाची गोडी लावली आहे खरी.

मंगळवार, १४ मार्च

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पुठ्ठ्यावर पथकाच्या मोठ्या माणसांची रचना काढली. वर मी. खाली दोन उपप्रमुख. त्याखाली भांडारप्रमुख, भोजनप्रमुख, सुरक्षाप्रमुख, प्रवासप्रमुख, स्वच्छताप्रमुख, प्रत्येकाला एकेक सहायक. झाडासारखी आकृती झाली. रेघा पट्टीने मारल्या. इतकं देखणं काम माझ्या हातून फार दिवसांनी झालं.

घरी बायकोला दाखवलं. ती कपडे वाळत घालत होती. तिने चिमटे तोंडात धरूनच पाहिलं, मग ते काढून विचारलं, "आणि मुलं कुठेत ह्यात?"

"मुलं काय, ती असतातच."

"हं," म्हणाली, आणि चिमटे पुन्हा तोंडात धरले.

तिचा भाऊ संध्याकाळी आला होता. त्याचा विम्याचा व्यवसाय आहे आणि जन्मजात त्याला सगळीकडे धोका दिसतो. पुठ्ठा बघून म्हणाला, "दाजी, सुरक्षाप्रमुख मीच. दंडावर पट्टी लागेल, लाल. शिट्टी माझ्याकडे घरची आहे."

शनिवार, १८ मार्च

पदं वाटली. माणसं पदाशिवाय हलत नाहीत आणि पद दिलं की थांबत नाहीत, हे आज कळलं. बेकरीवाल्याला भोजनप्रमुख केलं, तर त्याने मुलांची चूल पेटवायची काडीपेटी स्वतःच्या खिशात टाकली. "आग म्हणजे भोजन, भोजन म्हणजे मी." मेहुणा म्हणाला, आग म्हणजे सुरक्षा. दोघे काडीवरून बराच वेळ बोलले. मुलं कोरड्या फांद्या हातात घेऊन उभी होती. शेवटी चूल पेटली नाही, पण अधिकारांची वाटणी स्पष्ट झाली.

दवाखान्यातल्या परिचारिकाबाईंना प्रथमोपचारप्रमुख होण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "पेटी घेऊन येते आणि बसते. पद नको. पद घेतलं की मी पट्ट्या बांधत सुटेन, मग मुलं शिकणार कधी?" बाईंना जबाबदारीची भीती वाटते असं दिसतं.

मेहुण्याने आज मुलांना दोरीवर चढू दिलं नाही, झाडाखालून जाऊ दिलं नाही आणि पळणाऱ्यांना चालायला लावलं. एकाही मुलाला खरचटलं नाही.

शनिवार, २५ मार्च

मुलं कमी आली. मोठी माणसं मात्र सगळी हजर, त्यामुळे मैदान भरल्यासारखं दिसत होतं. एक उपप्रमुख म्हणाले, मुलांपेक्षा आपण जास्त झालो. सगळे हसले, मीही हसलो. मग विचार करून उपस्थितीप्रमुख नेमले.

टेकडीची सहल मुलांनीच रद्द केली. जवळच्या रस्त्याने जाण्यात गंमत नाही म्हणे. हल्लीच्या मुलांना सोय नको असते.

लेकीचं डोकं दुखत होतं. आली नाही.

मंगळवार, २८ मार्च

सकाळी माझ्या हत्यारांच्या पेटीवर लेकीचा स्काऊटचा स्कार्फ ठेवलेला होता. घडी न घालता. विचारलं तर म्हणाली, "तुम्हालाच राहू दे."

बरेच दिवस धुतला नव्हता. मी तो धुतला, वाळवला आणि दुपारी स्वतः इस्त्री करून तिच्या टेबलावर ठेवला. बापाने एवढं करायला हरकत नाही. संध्याकाळी ती तो स्कार्फ हातात घेऊन बराच वेळ बसली होती. मला बरं वाटलं.

बुधवार, २९ मार्च

सकाळी प्रार्थनेत लेकीच्या डोकेदुखीसाठी, मुलांच्या उपस्थितीसाठी, मेहुण्याच्या शिट्टीसाठी आणि शिबिराच्या दिवशी वारा नसावा म्हणून मागणं केलं. नंतर वाटलं, आपण देवाशीही सूचनांच्या सुरात बोलतो. पंचवीस वर्षं रोज त्याच्यापुढे बसतोय आणि दर वेळी काम वाटून उठतोय.

शनिवार, १ एप्रिल

आज संघनायकांच्या सभेला तिघांपैकी एकही आला नाही. मी खुर्चीवर बसलो होतो. समोर रिकामी बाकं. तरी पाचेक मिनिटं मी शिबिराच्या तयारीबद्दल बोललो. आवाज ऐकून शिपाई डोकावला आणि दार हळूच लोटून गेला.

बाहेर मोठी माणसं आपापल्या पट्ट्या लावून उभी होती. मुलं मोजकीच, कुंपणाला टेकून. मेहुण्याने शिट्टी वाजवली. कोणी पळत नव्हतं, कोणी चढत नव्हतं, थांबवायला काहीच नव्हतं. त्याने शिट्टी पुसून खिशात ठेवली. मला म्हणाला, "दाजी, सगळं काबूत आहे."

घरी बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरताच विचारलं, "तुमच्या दुकानात गिऱ्हाईक काट्यावर कोपर टेकवून उभं राहिलं, तर काय म्हणता त्याला?"

"कोपर काढा म्हणतो. वजन चुकतं."

"मग?"

"मग काय?"

"काही नाही. जेवायला बसा."

मला आत्ता, हे लिहिताना कळलं. दुकानात कोपर दिसायला एवढा वेळ लागत नाही मला.

रविवार, २ एप्रिल

दुपारी लेकीच्या दारावर टकटक केली. "उघडंच आहे," म्हणाली. इतके महिने ते उघडंच होतं की काय कोण जाणे. मी कधी ढकलून पाहिलं नव्हतं, बाहेरूनच हाका मारायचो.

टेबलावर स्कार्फ परत ठेवलेला होता, इस्त्रीची घडीही न मोडता. आता इतका उजेड डोक्यात पडला होता, की मी म्हटलं, "हा तू धुवायला दिला नव्हतास ना?"

तिने मान हलवली. मग हसू दाबलं. मग ते दाबता आलं नाही. "बाबा, मी राजीनामा दिला होता. तुम्ही इस्त्री केलीत त्याला!"

तीही हसली, मीही हसलो. मग ती डोळे पुसू लागली. मी बोलायला तोंड उघडलं आणि, स्वतःच्या पाठीवर थाप मारावी अशी एकच गोष्ट ह्या महिनाभरात माझ्या हातून झाली, ते मिटलं.

ती म्हणाली, "तुम्ही तिथे नकोत असं नाही बाबा. पण तिथे मी मी होते. सभेत काही चुकलं तरी माझं चुकायचं. आता तिथेही मी तुमची चिमणी आहे. पोरं चिवचिव करतात मला बघून."

"ते पक्षी..." म्हणालो, आणि थांबलो. निसर्गाची गोडी!

"मी सोडतो पथक," मी म्हटलं.

"सोडून कसं चालेल? मोठं माणूस नसेल तर पथक भरवताच येत नाही. आयुक्तबाई त्याच दिवशी बंद करतील."

"मग मी काय करू?"

"हजर राहा."

"हजर राहून काय करू?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच संघातलं सर्वांत लहान पोर आहे आणि मला बुटाची नाडी बांधता येत नाही. "बाबा, मोठ्या सरांनी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. एकच तर सूचना होती.

शुक्रवार, ७ एप्रिल

आठवडाभर पदं परत मागत फिरलो. देताना एक संध्याकाळ पुरली होती. बेकरीवाल्याने काडीपेटी काढून दिली आणि सुस्कारा सोडला. म्हणाला, "बरं झालं, मला शिबिरात झोप काढायची होती." मेहुणा मात्र ऐकेना.

"दाजी, उद्या आयुक्तबाई येणार, आणि तुम्ही पोरांच्या हातात सोडताय? तंबू पडला तर?"

"पडला तर पडला."

"आणि पथक बंद झालं तर? भाचीला तोंड कसं दाखवाल?"

मी शिट्टीसाठी हात पुढे केला. त्याची पट्टी त्याच्याकडेच राहिली, शिट्टी मात्र मी ठेवून घेतली. पुठ्ठ्याची मागची बाजू कोरी आहे. उद्या पावांच्या टोपलीवर झाकण म्हणून न्यायचा.

लेक आज इतर दोन संघनायकांच्या घरी जाऊन आली. स्कार्फ घालून गेली होती. मी न पाहिल्यासारखं केलं.

रविवार, ९ एप्रिल

शिबिर झालं. हात अजून दुखताहेत, आणि ते का दुखताहेत तेच लिहायचं आहे.

काल सकाळी मैदानावर पोहोचलो तो वारा सुटलेला. माझं मागणं देवाने नीट ऐकून घेतलं होतं बहुधा, आणि बाजूला ठेवलं होतं. मुलं बऱ्यापैकी आली होती. तिघा संघनायकांनी झाडाखाली सभा घेतली आणि मला बोलावलं. खुर्ची आणायला कोणीतरी विसरलं होतं, म्हणून मी उभा राहिलो. लेक म्हणाली, "सर, मोठ्यांची कामं ठरवली आहेत." सिस्टरबाई पेटीपाशी. बेकरीवाले पाव कापायला, सांगू तेव्हा. मामा नळावर, पाणी सांडू नये म्हणून. "आणि तुम्ही बादलीवर."

"बादलीवर काय करायचं?"

"बसायचं."

नळाजवळ एक बादली पालथी घातली होती. मी तिच्यावर बसलो. इतक्यात आयुक्तबाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, पायांत झिजलेले भक्कम बूट. त्यांनी मला नमस्कार केला आणि माझ्याजवळ उभ्या राहून मुलांकडे बघू लागल्या.

मुलं मोठा तंबू उभारू लागली, आणि मला दिसलं की त्यांनी त्याचं तोंड वाऱ्याकडे केलं आहे.

मी गावात वाढलो. पहिल्या मेखेलाच मला कळलं होतं. दुसरी मेख ठोकली गेली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो. तिसरी. आयुक्तबाई बघताहेत. पथक जाणार, मुलं नदीपलीकडे जाणार, हे सगळं माझ्या एका वाक्यावर होतं आणि वाक्य जिभेवर तयार होतं, सोपं, चार शब्दांचं. लेकीने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो. तिने विचारलं नाही. पुन्हा दोरीकडे वळली.

मेहुण्यानेही पाहिलं होतं. तो नळ सोडून निघाला. "अरे पोरांनो..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि मी त्याचा सदरा मागून धरला. दोन्ही हातांनी. तो ओढतोय, मी ओढतोय, नळ वाहतोय. शेजारी जिल्हा आयुक्त. गटप्रमुख आणि माजी सुरक्षाप्रमुख चिखलात एकमेकांना खेचताहेत, असा तो देखावा होता. बेकरीवाला पाव घेऊन उभा होता, त्याने एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

तंबूत वारा भरला, तो फुगला, आणि मग अख्खा मुलांच्या अंगावर बसला.

कापडाखाली गडबड झाली. मग कोणीतरी हसलं. मग सगळेच. मग लेकीचा आवाज आला, कापडाखालून, पण स्पष्ट, "कोणाला लागलंय का? नाही? मग आधी वारा कुठून येतोय ते सांगा!" एकाने कापडातून बोट बाहेर काढलं. त्यावरून आतल्या आत भांडण झालं. दोघांनी चूक कबूल केली, तिघांनी दुसऱ्यांची कबूल केली. मग सगळी सरपटत बाहेर आली, मेखा उपटल्या, तंबू फिरवला आणि पुन्हा ठोकायला लागली. आता वाकड्या मेखेवर ओरडायला माझी कोणाला गरज नव्हती. मुलं एकमेकांवर ओरडत होतीच.

आयुक्तबाईंनी मला विचारलं, "तोंड वाऱ्याकडे आहे, हे तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मला कोणी विचारलं नाही."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं, मेहुण्याच्या फाटलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. मग दुसरी बादली पालथी करून माझ्याशेजारी बसल्या. बुटांवरचा चिखल झटकत म्हणाल्या, "मला हे जमायला फार वर्षं लागली." आणि मग, "नदीपलीकडच्यांना सांगते, तुमची वाट बघू नका म्हणून."

आनंदाने मला शब्द सुचेनात, खरोखरच.

बसल्या बसल्या मनात आलं, की देव माझ्याशी असंच वागत आला असेल. जवळच कुठेतरी पालथ्या बादलीवर बसून. माझे किती तंबू पडताना त्याने पाहिले असतील, हात मांडीखाली दाबून. आणि मी त्याला कामं वाटत राहिलो.

तेवढ्यात लेक थेट माझ्याकडे येताना दिसली. मी उठलो. वाऱ्याबद्दल, मेखेच्या कोनाबद्दल आणि दोरीच्या ताणाबद्दल मला तीन मुद्दे चटकन सुचले होते.

"बाबा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "रुमाल आहे?"

"कशाला?"

"ती दोरी दिसत नाही, लहान मुलं अडखळतील. काहीतरी पांढरं बांधायचंय."

मी रुमाल दिला. तिने पळत जाऊन तो ताणलेल्या दोरीला बांधला. कोणीही चिवचिव केली नाही. दिवसभर तो वाऱ्यावर फडफडत होता आणि एकही मूल अडखळलं नाही. फक्त मेहुणा अडखळला.

परतताना अंधारू लागलं होतं. ती माझ्याबरोबर चालत होती, पुढे नाही. कापडाखाली कोण काय बोललं ते सांगत होती, आणि एका ठिकाणी डोकं मागे टाकून हसली. मी मधे काही विचारलं नाही.

शनिवार, १५ एप्रिल

सभा झाली. खुर्ची ठेवली होती. बसलो. मुलांनी टेकडीचा लांबचा रस्ता ठरवला, भर दुपारी. मी टोपी नेणार आहे.

मेहुण्याने सदऱ्याचे पैसे घेतले नाहीत. पण त्याला आता नळप्रमुख म्हणून पट्टी हवी आहे. मी म्हटलं, मुलांना विचार.

रुमाल अजून परत आलेला नाही. मी विचारलेलं नाही.